फुकटचा प्याला

'फुकट' हा शब्द आपल्या भाषेत दोन तोंडांनी बोलतो. 'फुकट ते पौष्टिक' असे म्हणून आपण हसत हसत हात पुढे करतो, आणि तोच हात शेजाऱ्याने पुढे केला की त्याला 'फुकट्या' म्हणून मोकळे होतो. फुकट घेणाऱ्याची भाषेने अशी झाडाझडती घेतली आहे. फुकट देणाऱ्याची मात्र फारशी चौकशी केलेली दिसत नाही. ती चौकशी आज करावी म्हणतो, आणि त्यासाठी श्रोत्यांच्या नित्य परिचयाचा, किंबहुना कित्येकांच्या या घटकेला हातात असलेला जिन्नस निवडतो. तो म्हणजे चहा. या देशातील सामान्य माणसाला चहाची गोडी लागली त्यात फुकट वाटलेल्या प्याल्यांचा वाटा मोठा आहे, आणि ते प्याले कोणी, का व कोणाच्या पैशाने वाटले याचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना नाही.

फुकट देण्याची चाल आपल्याकडे नवी नव्हती. इंदूरच्या श्रोत्यांना देवी अहल्याबाईंची आठवण करून द्यावी असे नाही. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांची अन्नछत्रे, धर्मशाळा आणि घाट उभे राहिले. माळव्याचा वृत्तान्त लिहिणाऱ्या जॉन माल्कम याने नमूद केले आहे की, उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी पाजण्यासाठी बाईंची माणसे वाटेवर बसत, आणि महेश्वराजवळ नांगराचे बैल थांबवून त्यांनाही पाणी दाखवले जाई. आता बैल काही उद्या येऊन होळकरांच्या दुकानातून पाणी विकत घेणार नव्हता! पाणपोईतील देणे असे असते. देणाऱ्याचा हिशेब असतो तो परलोकाच्या खात्यात. पिणाऱ्याने ओंजळ पुसून पुढच्या वाटेला लागावे.

बाजारातही फुकट देणे होते, पण ते वेगळ्या जातीचे. भाजीवाली मेथीच्या जुडीवर कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकते. हे देणे सौदा झाल्यानंतरचे आणि ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी असते. सौदा होण्यापूर्वी, अनोळखी माणसाला, त्याने कधी न मागितलेली वस्तू फुकट द्यायची आणि ती त्याला हवीशी वाटेपर्यंत देत राहायचे, हा प्रकार मात्र नव्या व्यापाराने आणला.

त्या व्यापाराकडे वळण्यापूर्वी पुण्यात थोडे थांबले पाहिजे, कारण फुकटच्या चहाचे सर्वांत महाग पडलेले प्याले तेथे प्यायले गेले. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळींना निमंत्रण होते. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांत होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी प्याला, कोणी नुसता पेल्याला हात लावला. गोपाळराव जोशी या मुलखावेगळ्या गृहस्थांनी मंडळींची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापवून आणली आणि शहरात एकच गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ताचा प्रश्न निघाला. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. या वादात चहाच्या चवीचा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. प्रश्न होता कोणाच्या हातून घेतला हा. न मागता मिळालेली वस्तू घेतल्याने आपण देणाऱ्याचे काही लागतो का, ही शंका पुणेकरांना त्या वेळी आली होती, आणि मला ती आजही सर्वस्वी वेडगळ वाटत नाही.

आता मळेवाल्यांकडे येऊ. आसामचा चहा लंडनच्या लिलावात प्रथम विकला गेला तो १८३९ साली. पुढच्या पन्नास वर्षांत इंग्लंडच्या बाजारात हिंदुस्थानी चहाने चिनी चहाला मागे टाकले. सारे पीक परदेशी जावयाचे. येथील माणसाने चहा प्यावा अशी मळेवाल्यांना तोवर गरजच भासली नव्हती. पण मळे वाढत गेले, भाव उतरू लागले आणि नवे पिणारे शोधणे भाग पडले. त्यासाठी जाहिरात हवी आणि जाहिरातीला पैसा हवा. प्रथम ऐच्छिक वर्गणीचा प्रयोग झाला. तो फसला, आणि का फसला हे मोठे मौजेचे आहे. ज्यांनी वर्गणी दिली त्यांच्या जाहिरातीचा लाभ न देणाऱ्यांनाही होई. म्हणजे मळेवाल्यांतच फुकटे निघाले! तेव्हा त्यांच्या संघानेच सरकारला विनंती केली की, आमच्यावर सक्तीचा कर बसवा. १९०३ च्या कायद्याने निर्यातीच्या दर पौंडामागे पाव पै पट्टी बसली आणि तिच्या विनियोगासाठी टी सेस कमिटी नेमली गेली. एका रुपयाच्या १९२ पया. म्हणजे ७६८ पौंड चहा बोटीवर चढे तेव्हा कमिटीच्या पेटीत एक रुपया पडे. थेंब लहान, पण वीस कोटी पौंडांवर तोच हिशेब केला तर अडीच लाखांहून अधिक रुपये होतात, आणि ते दरवर्षी.

हा पैसा मळेवाल्यांच्या खिशातून येई असे कागदोपत्री खरे आहे. त्या खिशात तो कोठून येई हेही पाहिले पाहिजे. छोटा नागपूर आणि आसपासच्या मुलखातून करारावर नेलेली माणसे मळ्यांवर राबत. १८६५ च्या कायद्याने पळून जाणाऱ्या मजुराला वॉरंटावाचून पकडण्याचा अधिकार मळेवाल्यांना दिला होता आणि तो १९०८ पर्यंत टिकला. १९२१ साली सिल्हेटकडील चारगोळा खोऱ्यातील हजारो मजूर मळे सोडून पायी घराकडे निघाले, तेव्हा चांदपूरच्या स्टेशनावर त्यांच्यावर गुरखा शिपाई घालण्यात आले. शहरातल्या कारकुनाला जो प्याला फुकट मिळे त्याची किंमत कोणीतरी चुकती करीतच होते. ते डोळ्यांआड, दूर डोंगरउतारावर होते एवढेच. फुकट वस्तूचा हा गुण मला सर्वांत चिंत्य वाटतो. किमतीची चिठ्ठी असली म्हणजे माणूस निदान घासाघीस करतो, एवढे का आणि कोणाला म्हणून विचारतो. चिठ्ठी काढून घेतली की तो प्रश्नही तिच्याबरोबर जातो.

कमिटीचा पैसा पहिली काही वर्षे मुख्यतः परदेशात खर्च झाला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कमिटीचे लक्ष देशाकडे वळले. गिरण्या, कारखाने, कोळशाच्या खाणी येथे चहाची दुकाने मांडावयास उत्तेजन मिळाले. रेल्वेच्या मोठ्या जंक्शनांवर किटल्या आणि पेले देऊन फेरीवाले उभे करण्यात आले. खरा जोर आला तो १९२९ नंतरच्या मंदीत. जगात चहा फार झाला होता. हिंदुस्थान, सिलोन आणि डच ईस्ट इंडीज या तिघांनी १९३३ साली करार करून निर्यातीला मर्यादा घातली. बोटीवर न चढणारा चहा जिरवायचा कोठे? तो देशातील कोट्यवधी घशांत जिरवायचे ठरले.

त्या मोहिमेची पद्धत लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. शहराचा एक भाग निवडावयाचा. तेथे पगारी प्रचारकांनी साहित्य घेऊन घरोघर जायचे, चहा करून दाखवावयाचा आणि घरच्या माणसांना पाजावयाचा. दाम घ्यावयाचा नाही. असे रोज, ठराविक वेळेस, पुष्कळ दिवस. पडदा पाळणाऱ्या घरांसाठी स्त्री-प्रचारक नेमलेल्या होत्या. जत्रांतून आणि आठवड्याच्या बाजारांतून प्याले वाटले जात. स्टेशनांच्या भिंतींवर देशी भाषांत पत्रे ठोकलेले होते आणि त्यांवर चहा कसा करावा याची कृती चित्रांसह होती. मग प्रचारक एके दिवशी येईनासा होई. घड्याळात तीच वेळ होई, डोके जड वाटू लागे, आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पैशाला मिळणारी इवलीशी पुडी तयारच असे. पाणपोईचे सोंग घेतलेला हा व्यापार होता. पण सोंग इतके हुबेहूब होते की, पाहुणचाराचा शतकानुशतकांचा संस्कार असलेल्या समाजाला ते ओळखता आले नाही. दारी आलेल्याने पाजलेले नाकारणे हा आपल्याकडे अपमान. त्या भिडेचाच येथे उपयोग झाला.

ओळखणारे अगदीच नव्हते असे नाही. रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी चहाच्या प्रचाराला कडवा विरोध केला. महात्माजींनी १९४२ साली पुण्याच्या आगाखान महालात बंदिवासात असताना आरोग्यावर जे लहानसे पुस्तक लिहिले त्यात चहा-कॉफीची शरीराला मुळीच गरज नाही असे मत त्यांनी दिले आहे. चीनमध्ये पाणी उकळले आहे की नाही हे कळण्यासाठी चहाचा उपयोग सुरू झाला अशी एक गोष्टही ते सांगतात. पण प्रचारकांपाशी उत्तर होते. १९४७ साली चित्रकार अन्नदा मुन्शी यांनी त्यांच्यासाठी एक भित्तिपत्रक केले. त्यात चरख्यापाशी बसलेली स्त्री हाती चहाचा प्याला घेऊन दाखवली आहे, आणि चहा हा शंभर टक्के स्वदेशी असल्याची ग्वाही दिली आहे. गोऱ्या मळेवाल्यांच्या पैशावर चाललेल्या संस्थेने चरखा उसना घ्यावा आणि तो कोणाला खटकू नये, यावरून तोवर चहा किती घरचा झाला होता याची कल्पना यावी. स्वराज्यात १९५३ चा चहा कायदा झाला, १९५४ साली टी बोर्ड आले आणि प्रचाराचे काम सरकारी छत्राखाली गेले.

येथे देणाऱ्यांचीही एक फजिती सांगितली पाहिजे. त्यांनी शिकवलेली कृती विलायती होती. किटली ऊन करा, माणशी एक चमचा पत्ती घाला, उकळते पाणी ओता, मुरू द्या, दूध बेताचे. आपल्या लोकांनी वस्तू घेतली आणि कृती टाकून दिली. पत्ती, दूध, साखर, पाणी एकाच भांड्यात रटरटवले, वर आले-वेलदोडा ठेचून घातला. दूध-मसाल्याने पत्ती कमी लागे, म्हणून फेरीवाल्यांच्या या प्रकारावर चहा-संघाची नाराजी होती. पण फुकट दिलेल्या वस्तूवर हुकूम कोणाचा चालणार? पुढे मळेवाल्यांनाच पिणाऱ्याच्या आवडीकडे यावे लागले. पत्ती चुरून, फाडून, वळून तिचे बारीक दाणे करणारे यंत्र १९३० च्या सुमारास आसामात निघाले होते. स्वातंत्र्यानंतर त्याचा प्रसार झाला. तो चहा स्वस्त, रंगाला गडद आणि दुधाला पुरून उरणारा. पुण्याच्या अमृततुल्यापासून हैदराबादच्या इराण्यापर्यंत प्रत्येकाने पुढे आपापला चहा घडवला. लंडनच्या चहाशी त्याचे नाते नावापुरतेच राहिले.

सवय लागली यापेक्षा मोलाची मोजमापे बदलली हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे पाहुण्यापुढे गूळपाणी ठेवीत, ताक देत, पानसुपारी करीत. गूळ घरचा, ताक घरचे. त्यांच्या जागी जो चहा आला त्याची पत्ती बाजारची, आणि बहुतेकांच्या घरी साखरही बाजारची. तरीही आदरातिथ्याचे माप त्यानेच ठरू लागले. 'साधा चहासुद्धा विचारला नाही' ही तक्रार आपण करतो तेव्हा त्या 'साधा' शब्दात पुष्कळ इतिहास दडलेला असतो. जो पेय म्हणून परका, घेतला तर प्रायश्चित्त मागणारा, तो दोन पिढ्यांत 'साधा' झाला, आणि न देणारा माणूस माणुसकीतून उतरला. मुलगी दाखवायची ती चहा-पोह्यांवर. कचेरीतला कागद पुढे सरकायचा तो 'चहापाण्या'वर. लाच देताघेताना दोघांनाही लाज वाटू नये यासाठी आपण हाच शब्द पुढे करतो. तोही प्याला न मागता मिळाल्याच्याच थाटात यावा लागतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आज देशात वर्षाला सुमारे १३० ते १४० कोटी किलो चहा पिकतो आणि त्यातला चार-पंचमांश येथेच पिऊन संपतो. कमिटीच्या पाव पैचे इतके पीक क्वचितच कोणत्या पैशाला आले असेल. आणि जी युक्ती मळेवाल्यांनी आपल्यावर चालवली ती आपले दुकानदार केव्हाच शिकले आहेत. लग्नाच्या खरेदीला कापडाच्या कोणत्याही जुन्या पेढीवर जाऊन पाहावे. गादीवर टेकताच पोऱ्या चहा आणतो. पहिल्या घोटापर्यंत गिऱ्हाईक उठून जायला मोकळे असते. प्याला रिकामा होईतो दहा लुगडी उलगडलेली असतात, आणि काहीच न घेता उठायचे कसे, या विचाराने घरची माणसे एकमेकांकडे पाहू लागतात.