सौर पॅनेलची प्रश्नपत्रिका

मूल तालुक्यातील एका शिक्षकांचे पत्र आले होते. निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत, घरावर ३ किलोवॅटची सौर यंत्रणा बसवायची आहे, काही रक्कम शासनाच्या अनुदानातून मिळेल, बाकीची भविष्य निर्वाह निधीतून काढावी लागेल. चंद्रपूरहून तीन विक्रेते येऊन गेले. तिघांची पॅनेल वेगवेगळ्या कंपन्यांची, तिघांच्याही कागदावर २५ वर्षांची हमी, आणि प्रत्येकाच्या मते उरलेल्या दोघांचा माल हलका. "तुम्ही या विषयातले आहात, तेव्हा एक नाव सांगा," एवढेच त्यांचे मागणे होते.

नाव सांगणे मला जमले नाही. पण हमीचा हा २५ वर्षांचा आकडा कोठून आला, पॅनेलवर छापलेले वॅट कोणी आणि कसे मोजले, आणि चंद्रपूरच्या उन्हात त्यातले किती हाती लागतात, हे सांगता येण्याजोगे होते. शिक्षकांना परिचित असलेल्या भाषेत सांगायचे तर कोणत्या विद्यार्थ्याला निवडावे हे ठरवण्यापूर्वी प्रश्नपत्रिका कोणी काढली होती ते पाहावे.

प्रकाश पडल्याने विद्युतप्रवाह निर्माण होतो हे फ्रान्समध्ये एडमंड बेकरेल यांनी १८३९ मध्येच पाहिले होते. कामाला येईल असा सिलिकॉनचा सौरघट मात्र १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी तयार केला. त्याची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. पुढची वीस-एक वर्षे या घटांचे मुख्य गिऱ्हाईक अवकाशात होते. मार्च १९५८ मध्ये सोडलेल्या व्हॅनगार्ड-१ या उपग्रहावर दोन प्रक्षेपक होते. बॅटरीवरचा प्रक्षेपक त्याच वर्षीच्या जूनमध्ये मुका झाला, सौरघटांवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला. अवकाशात पाऊस नाही, धूळ नाही, गारा नाहीत, आणि गिऱ्हाईक इतके जाणते की प्रत्येक घट स्वतः तपासून घेणार. तेथे कंपनीच्या नावावर विसंबण्याचा प्रश्नच नव्हता.

१९७३ च्या तेलसंकटानंतर हे घट जमिनीवर उतरले आणि खरी पंचाईत सुरू झाली. जमिनीवरचे पॅनेल कसे असावे हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९७५ मध्ये अमेरिकन शासनाने कॅलिफोर्नियातील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीवर एक मोठा प्रकल्प सोपवला. त्यांनी पत्करलेली रीत मला फार शहाणपणाची वाटते. बाजारात जी पॅनेल मिळत होती तीच त्यांनी घाऊक विकत घेतली, वेगवेगळ्या हवामानांत उन्हात मांडली आणि ती कशी बिघडतात ते पाहत बसले. जो बिघाड दिसला त्यावर एक चाचणी तयार केली, आणि पुढची खरेदी ती चाचणी उत्तीर्ण होणाऱ्या मालाचीच केली. अशा पाच खरेद्या झाल्या. प्रत्येक खरेदीला प्रश्नपत्रिका थोडी अवघड होत गेली.

पहिल्या खरेदीतील अनेक पॅनेलना वर काचच नव्हती. मऊ सिलिकोनचा पारदर्शक थर होता आणि त्यावर धूळ चिकटून बसे. कोठे थर सुटले, कोठे गारांनी घट तडकले. सर्वांत बोधप्रद बिघाड होता एका घटाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचा. दिवसा पॅनेल तापते, रात्री निवते. तापमान तेवढेच वाढले तरी तांबे सिलिकॉनच्या सहापटींहून अधिक प्रसरण पावते, काच या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते. म्हणजे दररोज एकदा पट्टी ताणली जाणार आणि एकदा आकसणार. पत्र्याचा तुकडा मागेपुढे वाकवत राहिले की तो जसा तुटतो, तशी ही पट्टी काही वर्षांनी तुटे आणि अख्खे पॅनेल निकामी होई. यावर उपाय म्हणून पट्टीला सैलसर वळण दिले गेले आणि एकाऐवजी दोन पट्ट्या आल्या. चाचणी अशी ठरली की पॅनेल उणे ४० अंशांपासून ९० अंश सेल्सिअसपर्यंत वारंवार तापवायचे आणि थंड करायचे. पाचव्या खरेदीच्या वेळी ही आवर्तने २०० झाली होती.

दुसरा बिघाड सावलीचा. पॅनेलमधील घट एकामागे एक, एकसरीत जोडलेले असतात. अरुंद धुऱ्यावरून बैलगाड्यांची रांग चालली असताना एक गाडी अडली की सगळ्या अडतात, तसे एका घटावर पान पडले तरी साऱ्या सरीचा प्रवाह घटतो. एवढ्यावर भागत नाही. उरलेल्या घटांचा विद्युतदाब त्या सावलीतल्या घटावर उलटा पडतो आणि तो घट वीज निर्माण करण्याऐवजी खाऊ लागतो, तापतो, प्रसंगी काळा पडतो. म्हणून पॅनेलमागच्या पेटीत बगलमार्ग देणारे डायोड बसवले जातात. अंगणातल्या मोहाची फांदी ज्यांच्या छपरावर येते त्यांनी हे लक्षात ठेवावे. सावलीतले पॅनेल कोणत्या कंपनीचे आहे याने फारसा फरक पडत नाही.

या खटाटोपाचे फळ काय? पाचव्या खरेदीपूर्वीच्या पॅनेलपैकी सुमारे ४५ टक्के प्रत्यक्ष वापरात नादुरुस्त झाली होती. त्यानंतरच्या पॅनेलमध्ये हे प्रमाण दहा वर्षांत ०.१ टक्क्याच्याही खाली आल्याचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात नोंदले आहे. यातील अनुभव आणि युरोपातील तशाच चाचण्या एकत्र करून त्याच वर्षी आयईसी १२१५ हे आंतरराष्ट्रीय मानक निघाले. आज ते ६१२१५ या क्रमांकाने ओळखले जाते आणि आपले आयएस १४२८६ हे त्याचेच भारतीय रूप. ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता यांत १००० तास, २५ मिलिमीटर व्यासाच्या बर्फगोळ्यांचा मारा, असे त्यातले पेपर आहेत.

आता आपल्याकडे वळू. साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने देशातला पहिला सौरघट १९७७ मध्ये आणि पहिले पॅनेल १९७८ मध्ये तयार केले. १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचे स्वतंत्र खाते निघाले. त्याच वर्षी, २६ ऑगस्टला, चंद्रपूरचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा जन्मला. पुढच्याच वर्षी चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला, आणि १९९९ मध्ये येथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची उच्चदाब एकदिश वाहिनी कार्यान्वित झाली. कोळसा येथला, धूर येथला, वीज पडघ्याला. भामरागड-एटापल्लीकडच्या ज्या टोल्यांपर्यंत तारा ओढणे परवडत नव्हते, त्यांच्या वाट्याला आला सौर घरदिव्यांचा संच. शासकीय नमुन्यातला एक प्रचलित संच ३७ वॅटचे पॅनेल, ४० ॲम्पिअर-तासांची बॅटरी आणि ९ वॅटचे दोन दिवे असा असे.

या छोट्या संचातच एक मोठा धडा आहे. बॅटरी १२ व्होल्टची, मग पॅनेल १७ व्होल्टचे कशाला? अशा पॅनेलमध्ये साधारणतः ३६ घट असतात आणि प्रत्येक घट काम करताना अर्ध्या व्होल्टच्या जरा खाली दाब देतो. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरायला १४.४ व्होल्टच्या आसपास लागतात. तापमान १ अंशाने वाढले की प्रत्येक घटाचा दाब सुमारे २ सहस्रांश व्होल्टने उतरतो. घट २५ अंशांऐवजी ७३ अंशांवर असेल तर ३६ घटांचे मिळून साडेतीन व्होल्ट गळाले, राहिले साडेतेरा. म्हणजे मे महिन्याच्या भर दुपारी हे पॅनेलही कमी पडते, सकाळच्या गारव्यात मात्र भागवून नेते. १९८० च्या दशकात काही नामवंत परदेशी कंपन्या ३० घटांची पॅनेल विकत. दाब मुळातच कमी, त्यामुळे बॅटरी जादा भरण्याची भीती नाही आणि नियंत्रकाचा खर्च वाचतो, असा हिशेब होता. थंड देशात तो बरोबर होता. आपल्या उन्हाळ्यात मात्र तेच पॅनेल बारा व्होल्टही धड देणार नाही. नाव मोठे, कारागिरी उत्तम, आणि तरी दिवा मिणमिणता.

हे ७३ अंश मी कोठून आणले? पॅनेलवर छापलेले वॅट प्रयोगशाळेत मोजतात तेव्हा प्रकाशाची तीव्रता चौरस मीटरला १००० वॅट आणि घटाचे तापमान २५ अंश धरलेले असते. घटाचे, हवेचे नव्हे. दिव्याचा झोत क्षणभर टाकून मोजणी उरकतात, त्यामुळे घट तापतच नाही. उघड्यावरचे पॅनेल किती तापते याची मोजपट्टीही त्या कॅलिफोर्नियाच्या प्रयोगशाळेनेच दिली. हवा २० अंश, ऊन ८०० वॅट आणि मंद वारा असताना घट साधारण ४५ अंशांवर असतो, म्हणजे हवेपेक्षा २५ अंश वर. ऊन ९०० वॅट असेल तर ही चढाई २८ अंशांची होते. चंद्रपुरात मे महिन्यात हवाच ४५ अंश, अधिक २८, झाले ७३. पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवले, खालून वारा खेळला नाही, तर आणखी जास्त.

पॅनेलच्या माहितीपत्रकात 'तापमान गुणांक' नावाची एक ओळ असते. जुन्या पद्धतीच्या पॅनेलमध्ये तो अंशाला उणे ०.४० टक्के, नव्या काही प्रकारांत उणे ०.३० टक्के. ४८ अंशांच्या फरकाला पहिल्यात १९ टक्के घट, दुसऱ्यात १४ टक्के. ३ किलोवॅटच्या यंत्रणेत त्या दुपारी सुमारे १३० वॅटचा फरक पडला, म्हणजे दीड पंख्याचा. वर्षभराचा फरक याहून कमी भरतो, कारण हिवाळा सौम्य असतो. तेव्हा या ओळीसाठी थोडे जास्त पैसे द्यावेत, फार नव्हे, असे माझे मत आहे.

हमीचे काय? अमेरिकेतील सोलॅरेक्स या कंपनीची हमी १९८७ पूर्वी ५ वर्षांची होती, १९८७ मध्ये १० वर्षांची, १९९३ मध्ये २० आणि १९९९ पासून २५ वर्षांची झाली. बारा वर्षांत हमी वीस वर्षांनी वाढली! म्हणजे या आकड्यामागे २५ वर्षांचा अनुभव नव्हता, चाचण्यांवरचा विश्वास आणि थोडी चढाओढ होती. बरे, पॅनेल टिकले तरी हमी देणारा टिकला पाहिजे. आर्को सोलर ही त्या काळची अग्रगण्य कंपनी सीमेन्सकडे गेली, तिच्याकडून शेलकडे, मग सोलरवर्ल्डकडे, आणि २०१७ मध्ये सोलरवर्ल्डने जर्मनीत दिवाळखोरी जाहीर केली. बीपीने २०११ मध्ये सौर व्यवसाय गुंडाळला. टाटा बीपी सोलर ही १९८९ ची बंगळूरची कंपनी टाटांनी पूर्णपणे स्वतःकडे घेतली, म्हणून ती वेगळ्या नावाने चालू राहिली.

आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. मानकाची परीक्षा त्या नमुन्याच्या मोजक्या पॅनेलवर होते, १९९३ च्या मानकात ती आठ होती. आपल्या दारात उतरणारे पॅनेल त्या आठांतले नसते. आयआयटी मुंबईतील राष्ट्रीय केंद्राने गुरुग्रामच्या सौर ऊर्जा संस्थेच्या साथीने २०१३ पासून देशभरातील उघड्यावरच्या पॅनेलची पाहणी केली. उष्ण प्रदेशातील पॅनेल थंड प्रदेशातल्यापेक्षा लवकर झिजतात हे तीत दिसले, ते अपेक्षितच होते. पण घरांवरची लहान यंत्रणांमधील पॅनेलही मोठ्या प्रकल्पांतल्यापेक्षा लवकर झिजलेली आढळली. मोठा गिऱ्हाईक माल पारखून घेतो, नीट उतरवून घेतो. घरच्या कामात पॅनेल डोक्यावरून शिडीने चढते, कोणी त्यावर पाय देतो, आणि घटांना डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात.

म्हणून मी त्या शिक्षकांना लिहिले की २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेचे अनुदान (३ किलोवॅटला ७८,००० रुपये) घ्यायचे तर पॅनेल केंद्राच्या मान्य यादीतले आणि देशी घटांचे असावे लागते, त्यामुळे निदान पहिली चाळणी झालेली असते. त्यापुढे कंपनीचे नाव विचारण्याऐवजी प्रत्येक पॅनेलच्या अनुक्रमांकासह त्याचा स्वतःचा मोजणी-अहवाल मागा. तापमान गुणांक पाहा. पॅनेल आणि छप्पर यांत वितीभर तरी मोकळी जागा ठेवायला सांगा. बसवताना स्वतः उभे राहा आणि कोणालाही काचेवर पाय ठेवू देऊ नका.

त्यांचे उत्तर आले. अहवाल मागितल्यावर एक विक्रेता परत आलाच नाही, दुसरा "असले काही नसते" म्हणाला, तिसऱ्याने आठवड्याभरात आणून दिला. त्याची कंपनी तिघांत सर्वांत कमी परिचित होती. काम त्यालाच दिले.

पत्राच्या शेवटी त्यांनी कोळशाच्या धुळीबद्दल विचारले होते. प्रश्न रास्त आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने काढलेल्या निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळून ते देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत चौथे आले होते. धुळीने किती वीज जाते हे गावागणिक आणि रस्त्यागणिक बदलते, ते मोजूनच पाहायला हवे. त्याला खर्च फार नाही. ५ किंवा १० वॅटची दोन सारखी पॅनेल घ्यावीत, शाळेच्या गच्चीवर शेजारी शेजारी, दक्षिणेकडे २० अंश कलती ठेवावीत. एक रोज पुसावे, दुसऱ्याला हात लावू नये. दर शनिवारी दुपारी १२ वाजता मल्टिमीटर १० ॲम्पिअरच्या खुंटीवर ठेवून दोन्हींचा लघुपरिपथ प्रवाह मोजावा. हा प्रवाह घटापर्यंत पोचलेल्या उन्हाच्या प्रमाणात असतो आणि तापमानाने फारसा बदलत नाही, म्हणून दोन आकड्यांचे गुणोत्तर म्हणजे थेट धुळीचा हिशेब. पहिल्या दिवशी दोन्ही स्वच्छ असतानाचे गुणोत्तर आधी लिहून ठेवावे, कारण एकाच कंपनीची, एकाच खोक्यातली दोन पॅनेलही सहसा तंतोतंत सारखी नसतात.