गोळीला चरबी कशासाठी?

शाळेत १८५७चा धडा मी वर्षानुवर्षे एकाच वाक्याने सुरू करीत असे : 'नव्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे, अशी बातमी पलटणींत पसरली.' एका वर्षी आठवीच्या वर्गात मागच्या बाकावरचा मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, पण गोळीला चरबी लावायचीच कशाला?" वर्ग हसला. मीही हसलो आणि त्याला खाली बसवले. कारण पाठ्यपुस्तकात उत्तर नव्हते. रात्री मात्र आठवले, की ते उत्तर मी लहानपणी आमच्या परसात, आजोबांच्या शेजारी उकिडवे बसून शिकलो होतो.

आमचे घर कोकणात. रानडुकरे आणि वानरे यांच्यापासून शेती राखण्यासाठी आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वरून गोळी, मग गजाने ठासायचे, असा तिचा प्रकार. गोळ्या विकत आणायची पद्धत नव्हती. मासे पकडण्याच्या जाळ्यांची जुनी शिशे जमवून आजोबा त्या घरीच ओतत. दिवस मात्र कोरडा लागे. पावसाळ्यात ते शिशाला हात लावत नसत. "अरे, वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तर कढई अंगावर येईल," असे ते मला दूर बसवून सांगत. पाण्याची एकदम वाफ होते आणि तापलेला धातू उसळतो, हे शास्त्र पुढे कळले.

शिसे सव्वातीनशे अंशांच्या थोडे पुढे, ३२७ अंश सेल्सियसला वितळते. चुलीच्या निखाऱ्यावर ते सहज होते. वर राखाडी साय धरते. आजोबा त्यात मेणाचा खडा टाकून ढवळत, मग मळी पळीने काढून टाकत. खाली राही ते आरशासारखे चकचकीत शिसे. साचा सांडशीसारखा, दोन पाकळ्यांचा. तो आधी दिव्यावर धरून आतून काजळवायचा, म्हणजे गोळी चिकटत नाही. थंड साच्यातल्या पहिल्या चार-पाच गोळ्या सुरकुतलेल्या निघत. त्या परत कढईत जात. साचा तापला, की गोळी गुळगुळीत येई. तिच्या डोक्यावरचा देठ छाटायला त्यांनी एकदा आजीचा अडकित्ता घेतला. आजीने तो पुन्हा पानाच्या डब्यात ठेवला नाही. शिसे विषारी असते, ते शरीरात साठते आणि लहान मुलांना फार बाधते, हे आज आपण जाणतो. आजी तेवढे जाणत नसेल, पण तिची सावधगिरी योग्य होती. कढई आणि पळीही तिने स्वयंपाकघरात कधी येऊ दिली नाही.

आता त्या मुलाचा प्रश्न. आजोबा गोळी तशीच नळीत सोडत नसत. मेण आणि खोबरेल तेल एकत्र कढवून त्यात भिजवलेल्या चिंधीत ती गुंडाळत. मी विचारले, "आजोबा, हे कशाला?" ते म्हणाले, "पाच बार काढल्यावर कळेल." आणि खरेच, चिंधी कोरडी असली तर पाचव्या-सहाव्या बाराला गोळी नळीत अडे.

याचे कारण काळ्या दारूत आहे. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ही दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू होतच नाही. तो काजळी आणि क्षार होऊन नळीला चिकटतो, हवेतला ओलावा पितो आणि मग वाळून खरवड धरतो. मेण-तेलाने ही खरवड मऊ राहते आणि पुढची गोळी तिला पुसत जाते. शिवाय मऊ शिसे नळीला घासून चढत नाही आणि गोळीच्या कडेने वायू निसटत नाही. वंगण ही चैन नव्हती. त्यावाचून बंदूक चालत नव्हती.

जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचे मात्र वंगणाशिवाय बरेचसे भागे. तिची गोळी नळीपेक्षा बरीच लहान ठेवत, म्हणजे ती घाईतही खाली उतरे. नळीचे मापही शिशावरूनच ठरे. 'बारा बोर' हा शब्द आपण ऐकतो. त्याचा अर्थ, एक रत्तल शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी. पण सैल गोळी नळीत डगमगत जाई आणि शंभर यार्डांपलीकडे नेम म्हणजे नशिबाचा खेळ होई.

नळीच्या आत पेचदार खाचा पाडल्या तर गोळी फिरत जाते आणि नेम लांब टिकतो, हे फार आधीपासून माहीत होते. अडचण अशी, की खाचांत रुतेल एवढी घट्ट गोळी वरून ठासणे कष्टाचे. फ्रान्सच्या क्लोद एतिएन मिनिये या अधिकाऱ्याने १८४९च्या सुमारास त्यावर तोड काढली. गोळी लांबट, टोकदार आणि बुडाशी पोकळ. ती सैल उतरते, पण बार उडताच वायूच्या दाबाने बूड फुगून खाचांत बसते. याच तत्त्वावर इंग्रजांची १८५३ची एन्फिल्ड रायफल आली. नळी ०.५७७ इंच, गोळी ०.५६८ इंच. वजन ५३० ग्रेन, म्हणजे जवळजवळ तीन तोळे शुद्ध, मऊ शिसे. दृष्टिपट्टीवर ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा. पण गोळी आणि नळी यांच्यात आता केसाएवढेच अंतर उरले. खरवडीला जागा नाही. म्हणून काडतुसाच्या कागदाचे गोळीकडचे टोक वंगणात बुडवणे भाग पडले. दारूकडचे टोक दाताने फाडायचे, दारू ओतायची, काडतूस उलटे करून वंगणाचे टोक नळीत घालायचे, उरलेला कागद फाडून टाकायचा आणि ठासायचे.

वंगण कोणते? नुसते तेल उन्हात वाहून जाते आणि कागदातून झिरपून दारू नासवते. विलायतेत मेणाबरोबर चरबी वापरत. ती हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात टिकते का, हे पाहण्यासाठी १८५३ साली अशी काडतुसे इकडे पाठवली गेली. कर्नल हेन्री टकर या अधिकाऱ्याने त्याच वर्षी लेखी बजावले होते, की हे वंगण जातिधर्माला बाधणारे नाही याची खात्री झाल्याशिवाय ती देशी शिपायांच्या हाती देऊ नयेत. पण चाचणी झाली ती हवामानाची. पुढे कलकत्त्याला कंत्राटदाराकडून चरबी घेतली गेली, तेव्हा ती कोणत्या जनावराची, याची चौकशीच कोणी केली नव्हती. हे सरकारी चौकशीतील साक्षींतूनच बाहेर आले.

जानेवारी १८५७मध्ये दमदमच्या एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे लोटाभर पाणी मागितले. शिपायाने नकार देताच तो म्हणाला, की आता तुमची जात राहते कुठे? चरबीची काडतुसे दाताने तोडावी लागणार आहेत. बातमी वाऱ्यासारखी गेली. आमच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्याच वर्षी उत्तरेकडे निघाले होते. त्यांच्याही कानी वाटेत हीच काडतुसांची हकिगत पडली. ती त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये आहे.

सरकारने हालचाल केली नाही असे नाही. जानेवारी संपण्याआधीच हुकूम निघाला, की काडतुसे कोरडी द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण स्वतः लावावे. मार्चमध्ये दाताऐवजी हाताने कागद फाडण्याची कवायत आली. पण आता संशय चरबीवरून चकाकणाऱ्या कागदावर गेला होता. २४ एप्रिलला मेरठला तिसऱ्या घोडदळाच्या नव्वद स्वारांपुढे काडतुसे ठेवली, तेव्हा पंच्याऐंशी जणांनी ती नाकारली. ती तर जुन्याच पद्धतीची, नव्या वंगणाशी संबंध नसलेली होती. ९ मे रोजी भर संचलनात त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या आणि १० मे रोजी मेरठ पेटले.

उठावाची कारणे अनेक होती. संस्थाने खालसा झाली, जमिनी गेल्या, पगार-भत्त्यांच्या तक्रारी होत्या, हे आपण जाणतोच. माझे म्हणणे एवढेच, की वंगण बदलणे हे एका दुपारचे काम होते. पुढे इंग्रजांनी ते केलेही. तापलेल्या हवेत चरबी शिशाला खाते, गोळीवर पापुद्रा धरतो आणि ती नळीत अडते, हे ध्यानात आल्यावर गोळी ०.५५० इंचांपर्यंत बारीक केली आणि वंगणासाठी मेणावर भर दिला. मेण आधीही होते. पण ज्यांच्या तोंडाशी काडतूस जाणार, त्यांना आधी विचारावे असे कोणाला वाटले नाही. एकदा विश्वास गेल्यावर कोरडे काडतूससुद्धा चरबीचे दिसू लागते.

उठावानंतर लोकांची हत्यारे काढून घेतली गेली आणि १८७८च्या कायद्याने परवान्याची पद्धत देशभर लागू झाली. आजोबांचा परवाना हा त्याच वाटेवरचा. त्यांच्यामागे बंदूक रीतसर सरकारजमा केली. साचा तेवढा माझ्याकडे आहे. त्याच्या आतली काजळी अजून बोटाला लागते.

त्या मुलाचा प्रश्न मी हसण्यावारी नेला, याची मला आजही खंत आहे. तो आता चाळिशीच्या पुढे गेला असेल. हे भाषण त्याच्या कानावर पडले, तर त्याने समजावे, की सरांनी उत्तर दिले. उशीर मात्र फार केला.