कवेलू ते स्लॅब

मागच्या जूनमध्ये यवतमाळला घरी गेलो होतो. रात्री जोरदार पाऊस झाला आणि सकाळी वरच्या खोलीच्या भिंतीला ओल! गच्चीवर जाऊन बघतो तर तळं. पाइपाच्या तोंडाशी कडुनिंबाचा पाला, प्लास्टिकची पिशवी आणि पतंगाचा मांजा. काठीने ढोसलं, थोड्या वेळात तळं रिकामं. आजी खालून म्हणाली, "पहिले मिरगाच्या आंधी कवेलू फेरून होत. आता वर पायते कोन?"

म्हटलं, बघूया तरी हे काम बंद कधी आणि का पडलं.

१८६४ साली इंग्रजांनी दक्षिण-पूर्व वऱ्हाड नावाचा जिल्हा केला. पुढे तो वणी जिल्हा झाला आणि १९०५ मध्ये यवतमाळ. त्या काळातलं इथलं बरं घर म्हणजे मातीच्या भिंती, सागवानी फाटे, बांबूच्या कमच्या आणि वर कवेलू. कुंभार चाकावर नळकांडं काढायचा, ते उभं चिरून दोन कवेलू व्हायचे. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी. म्हणजे बघा, प्रत्येक उताणी ओळ ही एक पन्हळच! सगळं छप्परच पन्हळींचं. त्यात पाला अडकणार, वानरं उड्या मारून कवेलू सरकवणार. म्हणून दरवर्षी मृगाच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आसपास, सगळं उतरवून, झाडून, फुटके बदलून पुन्हा लावायचं. हेच कवेलू फेरणं. माणूस पाय ठेवायचा तो फाट्यावर, कवेलूवर नाही. सेफ्टी मॅन्युअल म्हणाल तर एवढंच.

१८६५ मध्ये मंगळूरला बाझल मिशनच्या प्लेब्स्ट यांनी यंत्रावर खाचेची कौलं काढायला सुरुवात केली. ही एकमेकांत अडकतात, सहज सरकत नाहीत. नालीदार पत्र्याचं पेटंट तर १८२९ चं, लंडनच्या पामर यांचं. पत्रा आला की फेरणं संपलं. वानरं नाचली तरी पत्रा जागेवर! सगळं पाणी आता कडेच्या एकाच पन्हळीत. मग स्लॅब आला आणि पन्हळही गेली. उरली कोपऱ्यातली दोन भोकं.

म्हणजे काम संपलं नाही, नुसतं दिसेनासं झालं. शेकडो पन्हळींचं काम दोन भोकांवर आलं आणि नेमकी तीच कोणी बघत नाही. आमच्या धंद्यात याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात :-)

जरा हिशोब करा. १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर ४ इंच पाणी साचलं तर वजन ९ टनांच्या वर जातं. शिवाय डेंगीच्या डासाची अंडी कोरड्यातही काही महिने तग धरतात. तुंबलेली पन्हळ ही त्याला आयती जागा.

आता वर चढणाऱ्यांसाठी. शिडी ४ फूट उंचीला १ फूट या मापाने भिंतीपासून लांब टेकवा. तिचं टोक छपराच्या कडेवर ३ फूट तरी येऊ द्या. खाली एक माणूस हवाच. विजेच्या तारा जवळ असतील तर अॅल्युमिनियमची शिडी नको. हात पुरत नसेल तर वाकू नका, उतरून शिडी सरकवा. सिमेंटच्या पत्र्यावर तर उभंच राहू नका, तो न सांगता तुटतो. कठडा नसलेल्या गच्चीवर कडेकडे पाठ करून झाडू नका. आणि पाऊस चालू असताना वर जाऊ नका. मी गेलो होतो, ओल्या शेवाळावर पाय सटकला. नशीब, मधोमध होतो. आजीला अजून सांगितलेलं नाही.

मेच्या शेवटच्या रविवारचा रिमाइंडर फोनमध्ये टाकलाय : 'कवेलू फेरणे'. घरावर कवेलू एकही नाही.

असो. तुमच्या गच्चीची भोकं कुठे आहेत, माहितेय का?