घरचाच शब्द

इंग्रजांनी आपल्याकडून काय काय नेले याची यादी करू लागलो, की मला आधी आठवतो तो एक शब्द : ‘लूट’. त्यांच्या भाषेतले हे क्रियापद आपल्याच घरचे. हिंदीतून त्यांनी ते उचलले. त्याचे मूळ शोधताना कुणी पंडित संस्कृतातील ‘लुण्ट्’ धातूकडे जातात, तर कुणी ‘लोप्त्र’, म्हणजे चोरीचा माल, या शब्दाकडे.

१७८८ साली लंडनला छापलेल्या हिंदुस्थानी शब्दांच्या एका कोशात तो नाम म्हणून सापडतो. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि टिपूचा लाकडी वाघ लंडनला गेला; तो अजून तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. सरकारी कागदांत अशा मालाला ‘प्राइझ’ हे सोज्ज्वळ नाव असे. शिपायांच्या तोंडी मात्र ‘लूट’च रुळली, आणि एकोणिसाव्या शतकात नामाचे क्रियापद झाले. १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला. तिथली एक चिमुकली कुत्री व्हिक्टोरिया राणीला नजर झाली. तिचे नाव काय ठेवले असेल? ‘लूटी’!

शब्द गेला, पण अर्धाच. दसऱ्याला आपण सोने लुटतो, बोरन्हाणात पोरे बोरे लुटतात, दिवाळीत सारे घर आनंद लुटते. या लुटीत कुणाचे काही जात नाही; उलट लुटलेले सोने आपण दुसऱ्याच्याच हातावर ठेवतो. हा अर्थ मला इंग्रजी कोशात कुठेच भेटला नाही. तो मागे आपल्या अंगणातच राहिला.