कार्लाइलचे पंचवीस हंगाम

हीरक महोत्सवी स्मरणिकेत क्रीडाविषयक लेख म्हटला की ढाली, चषक आणि विजयी संघांची छायाचित्रे यांची अपेक्षा असते. आपल्या शाळेच्या तशा आठवणी या अंकात अन्यत्र आल्या आहेत. प्रस्तुत लेखात एका दूरदेशीच्या शाळेच्या फुटबॉल संघाचा हंगामवार इतिहास मांडण्याचे योजिले आहे. ही शाळा १८७९ ते १९१८ अशी जेमतेम एकोणचाळीस वर्षे चालली. हीरक महोत्सव पाहणे काही तिच्या नशिबी नव्हते. तिच्या संघाने मात्र हार्वर्डसारख्या विद्यापीठाला दोनदा नमविले. मैदानावर इतके यश आणि शाळा म्हणून इतके अपयश एकाच ठिकाणी क्वचितच पाहावयास मिळते. म्हणूनच महोत्सवाच्या वर्षी तिची कहाणी माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे ठेवावीशी वाटली.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाइल या गावी लष्कराच्या जुन्या बराकी होत्या. तेथे रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ साली ‘कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल’ सुरू केले. येथील ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी. कोलंबसाच्या गैरसमजातून आपल्या देशाचे नाव त्यांना चिकटले, ते कायमचे. त्यांच्यातील ‘इंडियन’पण नाहीसे केले, तरच माणूस म्हणून ते तगतील, अशी प्रॅट यांची धारणा होती आणि ती ते उघडपणे बोलून दाखवीत.

पहिल्या तुकडीत डकोटा प्रदेशातून लाकोटा जमातीची ऐंशीहून अधिक मुले आली. आल्यावर त्यांचे लांब केस कापण्यात आले. त्यांच्या समाजात केस कापतात ते आप्ताच्या मृत्यूनंतर. फळ्यावर लिहिलेल्या इंग्रजी नावांपैकी एकाकडे छडीने खूण करावयाची आणि तेच नाव पुढे आयुष्यभर लावावयाचे, हा प्रसंग त्या तुकडीतील ल्यूथर स्टँडिंग बेअर यांनी पुढे लिहून ठेवला आहे. ज्या मुलाला ती अक्षरेच वाचता येत नव्हती, त्याने आपले नाव ‘निवडले’ असे म्हणावयाचे तरी कसे? घरची भाषा बोलण्यास मनाई होती आणि बोलणाऱ्यास शिक्षा होती. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस सुतारकाम, लोहारकाम, शिवण किंवा धुलाई, आणि उन्हाळ्यात गोऱ्या कुटुंबांकडे कामाला रवानगी, असा तेथील क्रम होता. एकोणचाळीस वर्षांत १४० हून अधिक जमातींची सुमारे ७,८०० मुले या शाळेत येऊन गेली. त्यांपैकी संपूर्ण अभ्यासक्रम पुरा करणारी आठशेही नव्हती.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या फुटबॉलहून निराळा खेळ आहे. चेंडू अंडाकृती असतो. तो हाती घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडीत गोलरेषेपलीकडे न्यावयाचा असतो. त्या काळी चेंडू पुढे फेकण्यास बंदी होती. त्यामुळे खेळ बव्हंशी धिप्पाड शरीरांच्या धडकांचा होता. १८९० साली बाहेरच्या संघाशी झालेल्या सामन्यात कार्लाइलच्या एका विद्यार्थ्याचा पाय मोडला, तेव्हा प्रॅट यांनी असे सामने बंद केले. पुढे चाळीसेक मुले त्यांच्या कचेरीत गेली आणि बंदी उठविण्याची विनंती त्यांनी मोठ्या वक्तृत्वाने केली. प्रॅट यांनी दोन अटी घातल्या. प्रतिपक्षाने ठोसे मारले तरी आपण हात उचलावयाचा नाही, आणि काही वर्षांत देशातील सर्वांत बलाढ्य संघाला हरवून दाखवावयाचे. मुलांनी दोन्ही मान्य केल्या. तो खेळ त्यांनी स्वतः मागून घेतला होता, ही गोष्ट पुढील इतिहास वाचताना विसरता कामा नये.

१८९३ च्या पहिल्या हंगामात मोजकेच सामने झाले. १८९४ साली महाविद्यालयीन संघांशी गाठ पडली आणि केवळ एक विजय पदरात पडला. १८९५ मध्ये विजय व पराभव यांची बरोबरी झाली. कार्लाइल हे महाविद्यालय नव्हते. तेथील मुलांचे शिक्षण शाळकरी पातळीचे होते आणि वजनानेही ती प्रतिस्पर्ध्यांहून हलकी होती. असे असूनही १८९६ च्या हंगामात त्यांनी प्रिन्स्टन, येल, हार्वर्ड आणि पेनसिल्व्हेनिया या तत्कालीन चार दिग्गजांशी चार आठवड्यांच्या आत सामने खेळले. चारही सामने हरले; पण हार्वर्डचा विजय केवळ ४-० असा होता. येलविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये कार्लाइलचा एक खेळाडू सर्वांना चुकवून गोलरेषेपार गेला असता पंचांनी खेळ आधीच थांबल्याचा निर्णय दिला. हे पंच येलचे माजी विद्यार्थी होते आणि त्याच वेळी कार्लाइलचे प्रशिक्षकही होते! संतापलेली मुले मैदान सोडून निघाली होती; प्रॅट यांनी खाली येऊन त्यांना परत पाठविले. सामना १२-६ असा गेला. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी पंचांवर टीका केली. डिसेंबरात शिकागो येथे छताखाली विजेच्या प्रकाशात झालेल्या सामन्यात या संघाने विस्कॉन्सिनचा १८-८ असा पराभव करून हंगामाची सांगता केली.

१८९९ साली ग्लेन वॉर्नर हे प्रशिक्षक म्हणून आले. ‘पॉप’ वॉर्नर या नावाने ते पुढे प्रसिद्धीस पावले. त्या हंगामात नऊ विजय मिळाले, दोनच पराभव झाले. पेनसिल्व्हेनियाला १६-५ असे हरवून प्रॅट यांची दुसरी अट बव्हंशी पुरी झाली. संघाने खंड ओलांडून सॅन फ्रान्सिस्को गाठले आणि नाताळच्या दिवशी कॅलिफोर्नियावर २-० असा विजय मिळविला. १९०३ चा हार्वर्डविरुद्धचा सामना तर दंतकथाच होऊन बसला आहे. जिमी जॉन्सन याने झेललेला चेंडू चार्ल्स डिलन या सहकाऱ्याच्या जर्सीत पाठीमागून सरकविला. जर्सीला त्यासाठी आधीच इलास्टिक शिवून घेतले होते. हार्वर्डचे खेळाडू चेंडू शोधीत राहिले आणि डिलन दोन्ही हात मोकळे हलवीत सबंध मैदान धावून गेला. सामना अखेर हार्वर्डने १२-११ असा जिंकला, पण प्रेक्षकांच्या स्मरणात राहिला तो डिलन.

वॉर्नर त्यानंतर तीन हंगाम अन्यत्र होते. १९०४ मध्ये प्रॅट यांनाही शाळा सोडावी लागली. संघ मात्र खचला नाही. १९०५ मध्ये त्याने लष्कराच्या वेस्ट पॉइंट अकादमीला ६-५ असे हरविले. त्याच वर्षी या खेळात देशभर अनेक तरुण दगावल्याने अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना पाचारण केले. १९०६ पासून नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली. वजनापेक्षा वेग, नेम आणि कल्पकता यांना महत्त्व आले. हलक्या अंगाच्या कार्लाइलला हे बदल जणू स्वतःसाठीच केल्यासारखे मानवले. १९०७ च्या हंगामात, वॉर्नर परतल्यावर, संघाने दहा सामने जिंकले आणि एकच गमावला. त्या वर्षी पेनसिल्व्हेनियाला हरविणारा कार्लाइल हा एकमेव संघ ठरला. धावसंख्या होती २६-६. फ्रँक माउंट प्लेझंट याची लांब फेक आणि अल्बर्ट एक्सेन्डाइन याची झेल घेण्याची हातोटी यांची चर्चा सर्वत्र झाली. नोव्हेंबरात हार्वर्ड २३-१५ असे हरले. हार्वर्डवरील हा पहिला विजय होता.

जिम थॉर्प हा सॅक अँड फॉक्स जमातीचा मुलगा ओक्लाहोमाकडून १९०४ मध्ये कार्लाइलला आला होता. ‘उजळलेली वाट’ अशा अर्थाचे त्याचे नाव त्याच्या आईने ठेवले होते. १९११ मध्ये पायाला दुखापत असताना त्याने हार्वर्डविरुद्ध चार फील्ड गोल केले आणि सामना १८-१५ असा जिंकून दिला. त्या हंगामात अकरा विजय मिळाले आणि सिराक्यूजविरुद्ध अवघ्या एका गुणाने एकच पराभव झाला. १९१२ च्या उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन व डेकॅथलॉन या दोन्ही प्रकारांत सुवर्णपदके मिळवून थॉर्प परतला आणि पानगळीत पुन्हा शाळेची जर्सी घालून मैदानात उतरला. त्या वर्षी बारा विजय, एक बरोबरी व एक पराभव अशी नोंद झाली आणि संघाने पाचशेहून अधिक गुण मिळविले. ९ नोव्हेंबर १९१२ रोजी वेस्ट पॉइंट येथे कार्लाइलने लष्करी छात्रांचा २७-६ असा पराभव केला. वुंडेड नी येथे लष्कराने लाकोटांची कत्तल केली, त्याला तेव्हा बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पराभूत संघात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक छात्र खेळत होता. तोच पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

मैदानावरचा हा कळसाध्याय येथे संपतो. १९१३ च्या आरंभी थॉर्पने पूर्वी काही उन्हाळे थोड्या पैशांसाठी बेसबॉल खेळल्याचे उघडकीस आले आणि त्याची पदके काढून घेण्यात आली. शाळेचे अधिकारी व प्रशिक्षक यांनी आपणांस काहीच ठाऊक नसल्याची भूमिका घेतली आणि सारा दोष त्या तरुणाच्या माथी राहिला. १९१३ चा हंगाम उत्तम गेला. परंतु १९१४ च्या प्रारंभी संघाचा कर्णधार राहिलेल्या गस वेल्च याने शाळेच्या कारभाराची चौकशी व्हावी म्हणून विद्यार्थ्यांच्या सह्या गोळा केल्या. अमेरिकी संसदेची समिती कार्लाइलला आली. अपुरे अन्न, एका विद्यार्थिनीला झालेली मारहाण, प्रशिक्षकांची शिवराळ भाषा आणि सामन्यांच्या उत्पन्नाचा मनमानी विनियोग या गोष्टी साक्षीतून पुढे आल्या. हजारो प्रेक्षकांच्या तिकिटांचा पैसा जमत होता आणि भोजनगृहात मुले अर्धपोटी उठत होती. शाळाप्रमुखांना जावे लागले. त्या वर्षाअखेर वॉर्नरही गेले.

त्यानंतरचे हंगाम ओसरत्या पुराचे आहेत. १९१५ मध्ये तीन विजय मिळाले, १९१६ मध्ये एक. १९१७ मध्ये जॉर्जिया टेकने कार्लाइलचा ९८-० असा धुव्वा उडविला. त्या विजयी संघात जो गायन हा कार्लाइलचाच माजी खेळाडू होता. १९१८ मध्ये युद्धातील जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी इमारती लष्कराने परत घेतल्या आणि शाळा बंद झाली. पंचवीस हंगामांत दीडशेहून अधिक विजय तिच्या नावावर जमा होते.

या विजयांचे श्रेय शाळेला द्यावे काय? शाळेने मैदान दिले, प्रशिक्षक दिले, प्रवासाची व्यवस्था केली. पण त्या खेळाला रूप दिले ते मुलांनी. त्यांना गोऱ्या समाजाच्या साच्यात बसविण्यासाठी जो खेळ उपयोगी पडेल असे वडीलधाऱ्यांना वाटले, त्याच खेळात त्यांनी चपळाई, हुशारी आणि विनोदबुद्धी दाखवून आपले वेगळेपण जपले. ‘इंडियन’ पुसून टाकण्यासाठी काढलेल्या शाळेचा संघ देशभर ‘इंडियन्स’ याच नावाने गाजला. वेल्च व एक्सेन्डाइन पुढे कायद्याचे पदवीधर व नामवंत प्रशिक्षक झाले. शाळेच्या कारभारावर बोट ठेवण्याचे धैर्यही एका खेळाडूनेच दाखविले.

कार्लाइलची एक नोंद धावफलकावर आली नाही. शाळेच्या आवारात, घरापासून शेकडो कोसांवर दगावलेल्या मुलांची दीडशेहून अधिक थडगी होती. काही शिळांवर नावे चुकीची कोरलेली, तर काहींवर नावच नाही. २०१७ पासून त्यांतील काही मुलांचे अवशेष त्यांच्या जमातींच्या स्वाधीन केले जात आहेत. थॉर्पची पदके त्याच्या मृत्यूनंतर १९८२ मध्ये परत देण्याचे ठरले आणि तो त्या स्पर्धांचा एकमेव विजेता असल्याचे २०२२ मध्ये मान्य झाले. २०२४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी अशा शाळांबद्दल जाहीर क्षमा मागितली आणि कार्लाइलला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला.

आपली शाळा महाराष्ट्राबाहेर, भिन्न भाषेच्या प्रदेशात उभी आहे. मुलांना घरापासून तोडण्यासाठी ती काढलेली नव्हती. घरची भाषा वर्गातही नांदावी एवढ्याचसाठी साठ वर्षांपूर्वी काही कुटुंबांनी ती उभारली. तेव्हा कार्लाइलशी तिची तुलना करण्याचे कारण नाही. कारण आहे ते एवढेच की भाषेची शाळा चालविणाऱ्यांवर अधिक जबाबदारी असते. आज आपल्या वर्गांत घरी वऱ्हाडी, अहिराणी किंवा कोकणी बोलणारी मुले आहेत, तशीच आई आणि वडील यांच्या दोन निरनिराळ्या भाषा ऐकत वाढणारीही आहेत. प्रमाण मराठी शिकविणे हे आमचे कर्तव्य आहे. ते करताना कोणाही मुलाला आपल्या आजीच्या बोलीची लाज वाटू नये, हेही त्याच कर्तव्यात येते. या अंकात चषकांची यादी छापली आहे आणि ती अभिमानास्पद आहे. परंतु पंधरा वर्षांनी अमृत महोत्सवाची स्मरणिका निघेल, तेव्हा तिच्या संपादकांनी आजच्या विद्यार्थ्यांना आणखी एक प्रश्न विचारावा, अशी विनंती येथेच नोंदवून ठेवते: शाळेत येताना जे नाव आणि जी बोली घेऊन तुम्ही आलात, ती शाळेतून जाताना तुमच्याजवळ शाबूत होती ना?