दाद कुणाकडे मागायची?

वंशावळी वाचण्याची मला जुनी खोड आहे. जन्म, लग्न, मृत्यू एवढेच तिथे असते. पण एकाच घरातली माणसे पाठोपाठ गेलेली दिसली की माझे बोट थबकते. इंग्लंडच्या ब्रोझ घराण्याच्या पानावर ते १२१० आणि १२११ या सालांपाशी थबकले.

विल्यम द ब्रोझ हा वेल्सच्या सरहद्दीवरचा बडा सरदार. सज्जन मुळीच नव्हे; ११७५ मध्ये त्याने वेल्श सरदारांना अबरगव्हेनीच्या किल्ल्यात मेजवानीला बोलावून कापून काढले होते. जॉन राजाची मात्र त्याच्यावर मर्जी होती. १२०१ मध्ये राजाने त्याला आयर्लंडमधली लिमरिकची जहागीर दिली. मोल ५,००० मार्क, दरसाल ५०० च्या हप्त्याने. पुढच्याच वर्षी मीरबोच्या लढाईत राजाचा पुतण्या आर्थर, गादीचा दुसरा दावेदार, विल्यमच्या हाती लागला. त्याने तो राजाच्या हवाली केला. १२०३ नंतर आर्थर कुणाला दिसला नाही.

हप्ते थकले. असली बाकी तेव्हा अनेक सरदारांच्या नावावर असे. ती वसूल करण्यापेक्षा हाताशी ठेवण्यात राजाचा फायदा होता. १२०८ मध्ये जॉनने ती बाहेर काढली आणि विल्यमची मुले ओलीस मागितली. रॉजर ऑफ वेंडोव्हर हा बखरकार सांगतो की विल्यमच्या बायकोने, मटिल्डाने, राजाच्या माणसांना तोंडावर सुनावले: ज्याने सख्ख्या पुतण्याचा घात केला, त्याच्या हाती मी माझी मुले देणार नाही.

कुटुंब आयर्लंडला पळाले. १२१० मध्ये राजा फौजेसह तिथे उतरला. मटिल्डा आणि थोरला मुलगा स्कॉटलंडात पकडले गेले आणि राजाच्या कैदेत उपासमारीने मेले. विल्यम भिकाऱ्याच्या वेषात फ्रान्सला निसटला. १२११ मध्ये तिथेच वारला.

राजाने मारले आणि पावसाने झोडपले तर दाद कुणाकडे मागायची, असे आपण म्हणतो. म्हणीत त्याला उत्तर नाही. १२१५ च्या मॅग्ना कार्टाचे ३९ वे कलम मला त्या उत्तराचा प्रयत्न वाटते: बरोबरीच्या लोकांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय कोणत्याही मुक्त माणसाला धरू नये, कोंडू नये, लुबाडू नये. बंडखोरांत मटिल्डाचा मुलगा जाइल्स, हेरफर्डचा बिशप, होता. पण 'मुक्त' या शब्दात जमिनीला बांधलेली कुळे येत नव्हती, आणि अबरगव्हेनीत मेलेल्यांची आठवण त्या सरदारांपैकी कुणाला झाली असेल, असे मला वाटत नाही.

१० ऑक्टोबर १२१६ रोजी, मरणाच्या नऊ दिवस आधी, जॉनने मटिल्डाची मुलगी मार्गारेट हिला अ‍ॅकनबरीच्या जंगलात जोगिणींच्या मठासाठी जमीन दिली: तिचे वडील, आई आणि भाऊ यांच्या आत्म्यांना शांती लाभावी म्हणून. हुकमात तिघांचीही नावे आहेत. ती कशी मेली, हे नाही.