सल्लागार कुणाचा माणूस?

1 ऑगस्ट 2009 पर्यंत म्युच्युअल फंडाच्या इक्विटी योजनेत दहा हजार रुपये घातले, की त्यातले सव्वादोनशेपर्यंत आधीच कापले जात आणि ते विकणाऱ्याच्या वाट्याला जात. त्या दिवसापासून सेबीने ही कपात बंद केली. 2013 मध्ये गुंतवणूक सल्लागारांसाठी वेगळी नियमावली आली, 2020 मध्ये ती आणखी कडक झाली. ज्याच्याकडून सल्ल्याची फी घेतली, त्याच्याच व्यवहारावर कमिशन घ्यायचं नाही. बँकांत आणि ब्रोकिंग कंपन्यांत महिन्याच्या टार्गेटपायी नको त्या योजना गळ्यात मारून कंटाळलेले काही जण मग बाहेर पडले आणि मुंबई-पुण्यात स्वतःची छोटी कार्यालयं थाटून बसले. अमेरिकेत ही वाट आधीच पडली होती. 1987 मध्ये चार्ल्स श्वाबने स्वतंत्र सल्लागारांसाठी वेगळी सेवा काढली. ग्राहकाचे पैसे श्वाबकडे राहणार, सल्ला मात्र बाहेरच्याचा. एकट्या माणसालाही त्यामुळे धंदा करता येऊ लागला.

पण सल्ला देणारा कुणाचं खातो, हा प्रश्न शेअर बाजारातून आलेला नाही. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या आसपास तो फार जुना आहे.

शेजारच्या डहाणू-तलासरीकडे ‘लग्नगडी’ होता. लग्नापुरते पैसे सावकाराकडून घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याच शेतावर राबायचं. फिटले की नाही, हे सांगणारा तोच. 1945 मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने वारली उठले, त्यामागे ही वेठ होती. वेठबिगारी कायद्याने बंद व्हायला 1976 साल उजाडलं. आदिवासी विकास महामंडळाचं खावटी कर्जही याच सुमारास आलं. पावसाळ्यात घरातले दाणे संपले की सावकाराच्या दारात जायला लागू नये, हा त्याचा हेतू, आणि तो योग्यच होता.

सावकाराची जागा पुढे वीटभट्टीच्या उचलीने घेतली. नाचणी-वरई निघाली, दिवाळी झाली, की गावंच्या गावं भिवंडी-वसईकडे निघतात. उचल त्याच्या आधीच घेतलेली असते, कधी पावसाळ्यातल्या उपासमारीत, कधी आजारपणात. भट्टीवर दर आठवड्याला खर्ची मिळते. उचल 20 हजार आणि खर्ची आठवड्याला हजार धरली, तर 24 आठवड्यांत 44 हजार अंगावर येतात. विटा किती पाडल्या ते मालकाच्या वहीत, खर्ची किती दिली तेही त्याच वहीत. उचल किती घ्यावी, कुठे जावं, हे सांगणारा मुकादम. त्याला पैसे मिळतात ते माणसं पुरवल्याबद्दल. 2021 मध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका मजुराच्या मृत्यूनंतर तक्रार नोंदली गेली, की मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या 500 रुपयांपायी त्याला राबवून घेतलं जात होतं. लग्नगड्याला जाऊन किती वर्षं झाली, हे मोजायचं तरी कसं?

सल्ला द्यायला विम्याचे एजंटही आले, पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे एजंट आले. त्यांनी खेड्यापाड्यांत बचतीची सवय लावली, हे मान्य करायलाच हवं. पण लांब मुदतीच्या एंडोमेंट पॉलिसीत पहिल्या वर्षीच्या हप्त्याचे 25 टक्के किंवा त्याहूनही जास्त एजंटाला मिळत आले. हंगामी मजुरीवर जगणाऱ्याला दरवर्षी न चुकता भरायचा हप्ता झेपेल का, हे कोणी त्याला विचारावं?

स्वतंत्र सल्लागाराने विचारलं असतं. पण देशभरात असे नोंदणीकृत सल्लागार जेमतेम हजाराच्या घरात, आणि त्यांची ठरीव फी एका कुटुंबामागे वर्षाला दीड लाखापर्यंत जाऊ शकते. ज्याची अख्खी उचलच वीस हजारांची, तो काय देणार? फी ग्राहकानेच द्यायची, ही शहरातल्या स्वतंत्र सल्लागारांची तत्त्वाची गोष्ट इथे जशीच्या तशी चालणार नाही. चालण्यासारखं दुसरं आहे. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, आणि पेसा कायद्याखालच्या गावांच्या ग्रामपंचायतींकडे आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी थेट येतो. त्यातून गावातल्याच एका शिकलेल्या मुलीला मानधन द्यावं. मुकादम उचल वाटायला येण्याआधी तिने घरोघरी जावं, आकडा मांडून दाखवावा, खर्चीची दुसरी वही मजुराच्या हातात द्यावी. मे महिन्यात हिशेबाला ती वही मालकाच्या वहीशेजारी उघडता येईल.